गावंडे सरांचा पंथ

गावंडे सरांनी मला आयुष्यात पाच वेळा आपल्या पंथाला लावायचा प्रयत्न केला. त्यातल्या चार वेळा मी हरले. पाचव्याचा निकाल अजून लागायचा आहे. त्याचा फॉर्म माझ्या पर्समध्ये आधार कार्डाच्या मागे घडी घालून ठेवलाय आणि त्या घडीवर आता चिरा पडायला लागल्या आहेत.

पंथ म्हटल्यावर दाढी, माळ, मठ असलं काही डोळ्यांसमोर आणू नका. सर दर्यापूरला आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. मी मराठी शिकवायचे आणि अकोल्याहून रोज अप-डाऊन करायचे. सरांची मूर्ती ठेंगणी. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, वरच्या खिशात कायम दोन पेनं. दोन कशाला, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"एक माह्यासाठी अन् एक सही करनाऱ्यासाठी," सर म्हणाले. "पेन शोधता शोधता मानसाचा इचार बदलते, मॅडम."

यावरून माणसाची कल्पना यावी. सरांना एखादी गोष्ट पटली की ती फक्त त्यांना पटून भागत नसे. ती शिपायाला, हेडसरांना, जीपच्या ड्रायव्हरला आणि ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या चौथ्या प्रवाशालाही पटावी लागे. न पटल्यास सर दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. तिसऱ्या दिवशीही येत. "तीन खेपा त कराच लागते," हा त्यांचा नियम होता. तीन खेपांनंतरही माणूस बधला नाही तर सर चौथी करत आणि तिला पहिली म्हणत.

माझा पहिला पराभव चहाचा. साखर हे विष आहे असं सरांच्या मनानं घेतलं. स्टाफरूममध्ये आम्ही अकरा जण, आणि वऱ्हाडातला चहा म्हणजे पाक. सरांनी दोन दिवस व्याख्यानं दिली, आम्ही दोन दिवस बिस्किटं बुडवत ऐकली. तिसऱ्या दिवशी सर गप्प झाले आणि म्हणाले की, यापुढे स्टाफचा चहा मीच करत जाईन. आम्हाला वाटलं, माणूस खजील झाला. महिनाभर आयता चहा पीत होतो. महिन्याच्या शेवटी सरांनी जाहीर केलं की, रोज थोडी थोडी साखर कमी करत आणली होती आणि गेले चार दिवस आपण सगळे बिनसाखरेचा पितोय.

काय आरडाओरडा झाला! पीटीचे सर तर म्हणाले, ही चक्क फसवणूक आहे. सर शांतपणे कप विसळत होते. "चार दिवस कोनी बोललं का? नाई न. मंग आता काहून बोंबलून राहिले?"

मी त्या दिवशी खूप चिडले होते. आणि तेव्हापासून आजपर्यंत बिनसाखरेचाच पिते आहे.

मांडी घालून जेवणं, डबा प्लॅस्टिकचा न वापरणं, जिना चढताना कठड्याला हात न लावणं, हे मधले तीन पराभव. त्यांची हकिकत सांगत नाही, माझीच अब्रू जाते. पण एक प्रसंग सांगायला हवा. एकदा हेडसरांनी नोटीस काढली की, शाळेच्या वेळेत शिक्षकांनी कोणत्याही मताचा प्रचार करू नये. नोटिशीत नाव कुणाचंच नव्हतं. सही करताना मात्र प्रत्येक जण गावंडे सरांकडे बघत होता. सर अगदी निरागसपणे म्हणाले, "हे कोनाबद्दल व्हय?"

नसीम मॅडम हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बाकी राहिल्या. त्या इंग्रजीच्या. माहेर अमरावतीचं. घरी उर्दू, वर्गात इंग्रजी आणि भांडायला वऱ्हाडी, अशी त्यांची वाटणी होती. त्या उठल्या आणि फळ्यावर एक लांबलचक इंग्रजी शब्द लिहिला. प्रॉसिलटाइझ.

"सर, हा तुमच्यासाठी खास शब्द हाये. दुसऱ्याले त्याच्या श्रद्धेतून ओढून आपल्या श्रद्धेत आनणं. आधी फक्त धर्माबद्दल वापरत. आता डाएटवाले, पार्टीवाले, मोबाइलवाले, सगळ्याईले लागू."

सरांनी वही काढून शब्द उतरवून घेतला. "वाक्यात उपयोग करून सांगा."

"गावंडे सर स्टाफरूममध्ये प्रॉसिलटाइझ करतात."

"अन् मी सोताच म्हनलं की, मी करतो, त?"

"तसं कोनी म्हनत नाई सर. हा शब्द मानूस सोताबद्दल वापरतच नाई. दुसऱ्याबद्दलच वापरते, अन् तेबी जरा नाक वर करून."

मी मराठीची, मला राहवेना. मी म्हटलं, आपल्याकडे तर अशा शब्दांची रांग आहे. पटवणं, वळवणं, गळी उतरवणं, नादी लावणं. काम एकच, पण आपण केलं की ते पटवणं होतं आणि शेजाऱ्यानं केलं की नादी लावणं होतं. सरांनी तेही लिहून घेतलं. मग नसीम मॅडमना विचारलं, "उर्दूत काय म्हंतात?"

"आमच्यात दावत म्हंतात. दावत म्हंजे बुलावा. बोलावनं आपलं काम. यावं का नाई यावं, ते मेहमान पाहीन."

सरांनी जरा विचार केला. "पन मेहमान आलाच नाई त सैपाक वाया जाते न मॅडम," असं म्हणून ते तासाला निघून गेले.

पाचवा पंथ मोठा होता. आधीचे चार म्हणजे त्याची रंगीत तालीम होती, असं आता वाटतं. आमच्या शाळेत नववीत एक मुलगी होती. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत आईबरोबर वावरात गेली आणि वाकताना पऱ्हाटीची काडी डोळ्यात शिरली. डोळा पांढरा पडला. दुसऱ्याही डोळ्यानं तिला बेताचंच दिसे. सर तिला पहिल्या बाकावर बसवायचे आणि तरी ती शेजारणीच्या वहीतून उतरवायची. दोन वर्षांनी अमरावतीला तिचं ऑपरेशन झालं. कुणीतरी गेलेल्या माणसाच्या डोळ्यावरचा काचेसारखा पातळ पडदा तिच्या डोळ्याला लावला. ती शाळेत पेढे द्यायला आली, तर सरांनी तिला प्रयोगशाळेत नेलं, शेवटच्या बाकावर बसवलं आणि फळ्यावर बारीक अक्षरात काहीबाही लिहून वाचायला लावलं. तिनं सगळं वाचलं. सर बाहेर आले ते चष्मा पुसतच. झालं, त्या दिवसापासून सर नेत्रदानाचे झाले.

आता नेत्रदानाचं काम म्हणजे चहाचं काम नव्हे. माणूस गेल्यापासून सहा तासांच्या आत सगळं व्हावं लागतं. त्यातही मेलेल्यानं जिवंतपणी फॉर्म भरला असो वा नसो, शेवटी सही घरच्यांची लागते. म्हणजे घरात रडारड चालू असताना जाऊन सही मागायची. हे काम कोण करणार? सर करत. दर्यापूर, अंजनगाव, चांदूर बाजार, कुठूनही फोन आला की, मोटारसायकलला किक मारून निघत. पिशवीत कापूस, पाण्याची बाटली, एक छोटी उशी आणि फॉर्म. गेलेल्याच्या डोक्याखाली उशी द्यायची, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, पंखा, कूलर बंद करायचा, म्हणजे डोळा सुकत नाही. तेवढ्यात अमरावतीहून डॉक्टरांची गाडी येई आणि अर्ध्या तासात परत जाई.

यामुळे सरांची गावात एक वेगळीच कीर्ती झाली. कुणी आजारी असलं की, सर भेटायला जाईनासे झाले, कारण लोकच घाबरत. त्याआधी एकदा आमच्या शिपायाचे वडील दवाखान्यात होते. सर माणुसकीनं चार संत्री घेऊन गेले. म्हातारा कॉटवर उठून बसला आणि म्हणाला, "मास्तर, मी बरा हाये. दुसरं घर पाहा."

पण चांदूर बाजारची गोष्ट याच्यावर ताण आहे. मे महिना, ऊन असं की, डांबर चपलेला चिकटावं. तिथल्या एका गल्लीत कडूंचं घर, तिथले आजोबा गेल्याचा फोन आला. त्या दिवशी आम्ही दोघं पेपर तपासणीच्या कामासाठी चांदूर बाजारातच होतो, म्हणून मीही सोबत गेले. गल्लीत गर्दी होती. एका ओसरीवर पंधरा-वीस माणसं खाली मान घालून बसलेली, मध्ये खाटेवर एक म्हातारे गृहस्थ उताणे, आणि कोपऱ्यात कूलर घरघरतोय. सर कुणाशी न बोलता आत शिरले. आधी कूलर बंद केला. मग हलक्या हातानं म्हाताऱ्याच्या मानेखाली उशी सरकवली, बाटलीतलं पाणी कापसावर घेतलं आणि दोन्ही पापण्यांवर ठेवलं.

म्हातारा ताडकन उठून बसला. "कोन व्हय रे? थंड लागून राह्यलं न!"

गल्लीत कडूंची दोन घरं होती, आणि गेलेले आजोबा शेजारच्या घरातले. तिथे कूलर नव्हता म्हणून मातीला आलेली माणसं या ओसरीवर टेकली होती, आणि घरधनी आपले रोजच्यासारखे दुपारचे झोपले होते. मी पदर तोंडाला लावून बाहेर पळाले. हसत होते की घाबरले होते, मलाच कळेना. सर मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी माफी मागितली, कूलर चालू केला आणि कापूस कशासाठी ते सांगायला तिथंच बसले. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाला, "आना तो कागद. पन पुढच्या खेपेले नाडी पाहून मंग कापूस ठेवजा."

सरांनी दुसरं पेन पुढे केलं. मग शेजारी गेले. तिथली सहीही मिळाली.

एवढं सगळं खरं. पण ज्या घरात सर जेवायचे आणि झोपायचे, त्या घरात त्यांना फॉर्म भरून मिळाला नव्हता.

विमलकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, माझ्या फार लाडक्या. बस चुकली की, मी त्यांच्याकडे राहायचे. त्यांच्या हातचे कढीगोळे खायचे म्हणून मी काही बसा मुद्दाम चुकवल्या आहेत, हे आता कबूल करायला हरकत नाही. त्या उंच, सावळ्या, बोलायला तिखट. सरांनी जगाला शहाणं करावं आणि काकूंनी सरांना, असा तो संसार होता. सरांचे बाकीचे सगळे पंथ काकूंनी हसत हसत चालवून घेतले. या एकाला मात्र त्या नाही म्हणाल्या ते म्हणाल्याच.

एकदा जेवताना सरांनी माझ्यादेखत विषय काढला. तीन खेपांची ती बहुधा तीनशेवी खेप असावी.

"अवो, अख्खा डोया नाई काढत. वरचा पडदा घेतात, पातय. चेहरा जसाच्या तसा राह्यते."

"मालूम हाये मले. शंभर डाव आयकलं."

"मंग पुढच्या जन्मी आंधयं होते असं वाटते का तुले?"

"मी काई अडानी नाई," काकू म्हणाल्या. "जेवा आता गपचूप."

सर हात धुवायला उठले तेव्हा काकू तव्याकडे बघत माझ्याशी बोलल्या. तो आवाज वेगळा होता.

"बाई, आमची पहिली पोरगी होती. सुमी. अडीच वर्साची. ताप आला अन् दोन दिवसात गेली. हे तवा ट्रेनिंगले नागपूरले होते, याईले मातीबी भेटली नाई. मले वाटते, ते वरतं हाये. मी गेली की मले भेटन. आता मोठी झाली असन का तेवढीच असन, कोनाले मालूम? पाहाच लागन न. डोये नसन त मी तिले वयखू कशी?"

मी पदवीधर बाई, वर्गात अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेणारी. पण त्या क्षणी मी उठले आणि तव्यावर करपणारी भाकरी उलटली.

सर दारात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं, आणि ते पहिल्यांदा ऐकत नव्हते हेही दिसत होतं. काकू त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "मी मेल्यावर तुमची सही चालते म्हंता न? मंग सांगून ठेवते. कराची नाई."

सर हसले. "पाहू," म्हणाले.

त्यांनी वचन दिलं नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे लोकांनी उगाच म्हटलं की सर शब्दात अडकले होते. सर कशातच अडकलेले नव्हते.

सर निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या वर्षी काकू गेल्या. सकाळी सातच्या सुमारास, तुळशीला पाणी घालताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. मला बसमध्ये फोन आला. मी दहा वाजता पोहोचले.

सरांचं घर आणि सरांनीच तयार केलेली माणसं. कुणाला काही सांगावं लागलं नव्हतं. प्रमोद नावाचे त्यांचे एक जुने विद्यार्थी लॅबमध्ये काम करायचे. त्यांनी काकूंच्या मानेखाली उशी दिली होती, पापण्यांवर ओला कापूस ठेवला होता, अमरावतीला फोनही केला होता. गाडी येऊन दारात उभी होती. तीन तालुक्यांत मिळून सरांनी एक समिती उभी केली होती, तिचे सचिव फॉर्म घेऊन सरांच्या शेजारी बसले होते. फॉर्म भरलेला होता. सहीची जागा तेवढी रिकामी होती.

सरांचा मुलगा हैदराबादहून निघाला होता, पोहोचायला संध्याकाळ होणार होती. फोनवर तो एवढंच म्हणाला, "बाबा, तुम्ही म्हणाल तसं."

सर फॉर्मकडे बघत होते. त्यांच्या खिशात दोन्ही पेनं होती. सचिव हळू आवाजात म्हणाले, "सर, अमरावतीले दोन पेशंट वाट पाहून राह्यले." मग म्हणाले, "अन् तुमीच नाई देल्ले त आपल्याले उद्या कोन दारात उभं करन?"

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. सरांना त्या कुणी सांगायची गरज नव्हती. पऱ्हाटीच्या काडीनं डोळा गेलेली मुलगी त्यांनीच शेवटच्या बाकावर बसवून वाचायला लावली होती. तशाच कुणाला तरी आज दिसणार होतं, आणि त्यासाठी फक्त एक सही हवी होती. घरात अडवणारं कुणी नव्हतं. जिनं अडवलं असतं ती खाली चटईवर होती.

सर उठले. काकूंच्या उशाशी बसले. त्यांनी दोन्ही डोळ्यांवरचा कापूस स्वतःच्या बोटांनी उचलला, पापण्यांवरचं पाणी रुमालानं टिपलं आणि म्हणाले, "गाडी वापस पाठवा."

"सर..." सचिव म्हणाले.

"तिनं नाई म्हनलं होतं."

गाडी गेली. अंगणातल्या लोकांत कुजबुज झाली ती मला ऐकू आली. खरं सांगते, मलाही राग आला होता. ज्यांचं कुणीतरी आत्ताच गेलंय अशा किती घरांत या माणसानं सही मागितली, आणि स्वतःच्या घरात मागे सरला? दोन माणसांची नजर त्या रिकाम्या गाडीतून परत गेली, हे मला पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण सर त्या रुमालाची घडी घालत बसले होते, आणि त्यांच्याविषयी एवढी माया मला आधी कधी वाटली नव्हती. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे व्हायचं ते झालं. वऱ्हाडात माणूस तोंडावर बोलतो, ही सोयही आहे आणि शिक्षाही. बसस्टँडवर, दळणाच्या गिरणीवर, "लोकाले सांगे ब्रह्मज्ञान अन् सोता कोरडे पाषान," असं सरांना ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हटलं जाई. समितीच्या सचिवांनी एक तोड काढली. काकूंना काही जंतुसंसर्ग होता, म्हणून डॉक्टरांनीच डोळे घेतले नाहीत, असं सांगू. कोण तपासायला येतंय? सरांनी साफ नाही म्हटलं. सचिव म्हणाले, मग तुम्ही काही दिवस सभेत बोलू नका. त्यावर सरांनी "बरं" म्हटलं आणि समितीचा राजीनामा देऊन टाकला. त्यानंतर काही महिने ते घराबाहेर पडल्याचं कुणी ऐकलं नाही. आम्ही जुने लोक अधूनमधून जायचो. सर स्वतः चहा करायचे, बिनसाखरेचा, आणि कुठल्याच विषयावर आम्हाला काही पटवून देत नसत. त्याचंच जास्त वाईट वाटे.

मग मुलानं त्यांना हैदराबादला न्यायचं ठरवलं. जाण्याआधी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते शेंदूरजनाघाटला, आणि तेही योगायोगानं. माझी नणंद तिथं दिलेली आहे. त्यांचं संत्र्याचं शेड आहे, हंगामात पन्नासेक बाया फळं निवडायला असतात. मी दोन दिवस गेले होते. नणंद म्हणाली, आज जेवणाच्या सुट्टीत कुणी मास्तर येणार आहेत, डोळ्यांबद्दल सांगायला. स्वतःच फोन करून विचारलं त्यांनी, येऊ का म्हणून.

मी मागे क्रेटवर जाऊन बसले. सर आले. वाळले होते. शर्ट तोच, खिशात पेनं दोनच. त्यांनी ढिगातलं एक संत्रं उचललं, सोललं आणि एक फोड हातात धरून बायांना दाखवली. "अख्खं फळ नाई घेत, माय. फोडबी नाई घेत. हे वरतं जे पापुद्र्यावानी दिसते न, तेवढंच." बाया हसल्या. आवाज जुनाच लागला होता. फॉर्म वाटले गेले. मला बरं वाटलं.

तेवढ्यात शेडच्या दारात टेकून उभा असलेला टेम्पोचा ड्रायव्हर बोलला. त्याला कुठून तरी माहीत होतं. "सर, तुमच्या घरच्या बाईचे डोये देल्ले का तुमी?"

मला वाटलं, उठावं आणि त्या माणसाला दोन शब्द सुनवावेत.

"नाई," सर म्हणाले.

"काहून?"

"तिनं नाई म्हनलं होतं. आमची एक पोरगी लहानपनीच गेली. वरतं तिले पाहाचं हाये म्हने. डोये नसन त वयखू कशी म्हने." सरांनी हातातली फोड खाली ठेवली. "माही सही चालत होती. मी केली नाई. तवा दोन मानसं अमरावतीले वाट पाहून राह्यली होती. ते खरं हाये."

एवढं बोलून ते तिथंच उभे राहिले. बाजू मांडली नाही, गळा काढला नाही. पुढच्या रांगेत एक म्हातारी बसली होती, हातात फॉर्म घेऊन. तिनं मान वर केली.

"मंग दिसली असन का वो सर, पोरगी?"

मी खाली बघायला लागले. या माणसानं प्रयोगशाळेत आमच्या दोन पिढ्यांची पोरं भूत नाही, पुनर्जन्म नाही, मेल्यावर काही उरत नाही, हे पुराव्यानं शिकवून बाहेर काढली होती. या प्रश्नाचं त्यांचं उत्तर मला पाठ होतं. सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"दिसली असन, माय," ते म्हणाले.

म्हातारीनं हातातल्या फॉर्मकडे पाहिलं आणि तो पुढे केला. "मंग हा कागद वापस घ्या, बाप्पा. माहा पोरगा हाये वरतं."

सरांनी कागद घेतला. मी वाट बघत होते, आता सर तिच्यापुढे बसतील, पडद्याचं पुन्हा सांगतील, आणि उद्या येतो म्हणतील. सर म्हणाले, "बरं." मग त्यांनी तो कागद पिशवीत ठेवला, तिच्या शेजारी बसलेल्या बाईसमोर वाकले आणि विचारलं, "अन् तुमचं काय म्हननं हाये?"